खोड्यातल्या गाईची नोंद कोण ठेवणार?

पशुवैद्यक महाविद्यालयांचे अधिष्ठाते आणि तिथल्या प्राणी नीती समित्यांचे सदस्य यांना खुलं पत्र

सन्माननीय अधिष्ठाते आणि समिती सदस्यहो,

सप्रेम नमस्कार.

मी बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. चौतीस वर्षं सरकारी पशुदवाखान्यांत नोकरी केली. पादरा, डभोई, सावली, वाघोडिया, जिथे बदली झाली तिथे गेलो. २०१८ साली निवृत्त झालो आणि पुढची तीन वर्षं एका संशोधन संस्थेच्या प्राणी नीती समितीवर, म्हणजे जनावरांवरचे प्रयोग तपासून मंजूर करणाऱ्या समितीवर, बाहेरचा शास्त्रज्ञ म्हणून होतो. तुमच्या बैठकीची खोली मी पाहिली आहे, आणि गोठ्यात तर माझा जन्मच गेला. म्हणून तुम्हाला लिहितोय.

निमित्त एका उत्तराचं आहे. चार महिन्यांपूर्वी मी एका पशुवैद्यक महाविद्यालयाला पत्र पाठवून साधा प्रश्न विचारला होता: विद्यार्थ्यांच्या प्रॅक्टिकलसाठी जी गाय, म्हैस, शेळी, कुत्रा वापरला जातो, त्याची माहिती तुमच्या नीती समितीपुढे येते का? गेल्या महिन्यात उत्तर आलं. एकच वाक्य. "अध्यापनासाठी होणारा जनावरांचा वापर हा प्रयोग नसल्याने तो समितीच्या कक्षेत येत नाही." खाली सही, शिक्का, जावक क्रमांक.

महाविद्यालयाचं नाव मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर सगळी चर्चा त्या एका आवाराभोवती फिरेल आणि बाकीचे सुटकेचा श्वास सोडतील. हा समज एका ठिकाणचा नाही. मी शिकत होतो तेव्हाही तो होता, आणि आज माझी पुतणी शिकते आहे तेव्हाही आहे.

पत्र लिहावंसं वाटलं ते तिच्यामुळेच. ती कुठल्या वर्षाला, कुठल्या गावात आहे ते सांगत नाही, कारण तिला अजून तिथे परीक्षा द्यायच्या आहेत. एका रात्री साडेदहाला तिचा फोन आला. आधी इकडचं तिकडचं बोलली, मग म्हणाली, "काका, गाय ओरडली नाही म्हणजे तिला दुखत नाही, असं असतं का?"

त्या सकाळी त्यांचं गाभण तपासणीचं, म्हणजे गाईच्या गुदाशयातून हात घालून गर्भाशय चाचपण्याचं, प्रॅक्टिकल होतं. नेहमी दोन गाई असायच्या. एकीला ताप होता, म्हणून सगळी बॅच दुसरीवर आली. पुतणीचा नंबर अकरावा. तिच्या आधीच्या मुलाने हात बाहेर काढला तेव्हा त्याच्या लांब हातमोज्यावर शेणाबरोबर लालसर पाणी होतं. "पहिल्या तिघांना तिने पाय झाडला, काका. नंतर नुसती उभी राहिली. मान खाली, डोळे अर्धे मिटलेले. सर म्हणाले, बघा, किती शांत गाय आहे." पुतणीने हात घातला. आत काहीच हाताला लागलं नाही. तिने वहीत लिहिलं, गर्भाशय सामान्य. सगळ्यांनी तेच लिहिलं होतं.

फोन ठेवल्यावर मला झोप लागली नाही. ती गाय मी ओळखत होतो. माझ्या वेळी तिच्या कानात ४२ नंबरचा पितळी बिल्ला होता.

तेव्हा, म्हणजे ऐंशीच्या सुमाराला, लांब हातमोजे कुणी पाहिले होते? नखं कापायची, कोपरापर्यंत साबण लावायचा आणि रांगेत उभं राहायचं. बेचाळीस ही जर्सी संकराची तांबूस गाय, कपाळावर बोटभर पांढरा ठिपका. मंगळवारी आणि शुक्रवारी तिला खोड्यात, म्हणजे जनावर जखडून उभं करायच्या चौकटीत, घालायचे. आमच्या गमबुटांचा आवाज गोठ्याच्या दारात आला की ती दावणीला जितकं मागे सरता येईल तितकं सरायची, ढुंगण भिंतीला टेकवून उभी राहायची. दोन गडी शेपटी पिरगाळून तिला खोड्यापर्यंत आणायचे. आम्ही वीस जण. माझ्या हाताला रक्त लागलं तेव्हा मी सरांना दाखवलं. ते म्हणाले, "हरकत नाही, पुढचा." मी हात धुतला आणि बाजूला झालो. मी काही बोललो नाही. त्या दिवशीच नव्हे, पुढची दोन वर्षंही नाही. शेवटच्या वर्षाला ती दिसेनाशी झाली. चौकशी केली तर कळलं, लिलावात गेली.

आता जरा धंद्याची गोष्ट बोलू, कारण तुम्ही सगळे जाणकार आहात. गाईच्या गुदाशयात वारंवार हात गेला की आत हवा भरते. भिंत ताणते, पत्र्याच्या नळीसारखी ताठ होते. मग त्या भिंतीतून ना गर्भाशय चाचपता येतं, ना अंडाशय. तशातही हात रेटला तर आतलं अस्तर खरवडतं आणि रक्त येतं. हे आपल्याला पहिल्या महिन्यात शिकवतात. म्हणजे अकराव्या मुलीच्या हाताला काही लागणार नाही, हे शिकवणाऱ्याला ठाऊक असतं. तिथे गाईला त्रास होतो आणि मुलीला विद्याही मिळत नाही. तिला मिळते ती एक सवय: काही न कळता "सामान्य" लिहायची. आणि दुसरी, त्याहून वाईट: हतबल झालेल्या जनावराला शांत म्हणायची.

गाभण तपासणी मी खरी शिकलो ती नोकरी लागल्यावर, पादऱ्याच्या बाजूच्या गावांमध्ये, एका म्हाताऱ्या पशुधन निरीक्षकाच्या हाताखाली. एक म्हैस, एक मी, शेजारी ते. म्हैस माजावर का येत नाही हे मालकाला खरंच जाणून घ्यायचं असायचं. एकदा एका भरवाडणीने, म्हणजे गुरं राखणाऱ्या जमातीतल्या बाईने, मला थांबवलं. मी बाही वर सारून पुढे झालो, तर ती म्हशीच्या तोंडाशी उभी राहून म्हणाली, "साहेब, पहेलां एने कहो तो खरा." आधी तिला सांगा तरी. मी गोंधळलो. तिने माझा पंजा धरला, म्हशीच्या पाठीवर ठेवला, माकडहाडापर्यंत सावकाश नेला, मग शेपटीच्या बुडाशी. "हवे." आता. त्यानंतर चौतीस वर्षं मी तसंच केलं. हे मला कुठल्या प्रॅक्टिकलमध्ये कुणी शिकवलं नव्हतं.

आता त्या उत्तराकडे येतो. अध्यापन हा प्रयोग नाही, असं तुमच्यातले बरेच जण मानतात. १९६०चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा काढून त्याचं सतरावं कलम एकदा वाचा. कलम १४ प्रयोगांना परवानगी देतं, कलम १५ प्रयोगांवर देखरेख ठेवणारी केंद्रीय समिती नेमायला सांगतं आणि कलम १७ त्या समितीची कामं सांगतं. त्यात काय म्हटलंय? शक्य तिथे प्रयोग टाळले जावेत. आणि उदाहरण कोणतं दिलंय? वैद्यकीय शाळा, रुग्णालयं, कॉलेजं: पुस्तकं, प्रतिकृती, फिल्म यांनी तितकंच भागत असेल तर जनावर वापरू नये. त्याच कलमात पुढे येतं की केवळ हाताचं कौशल्य मिळवण्यासाठी होता होईतो प्रयोग केले जाऊ नयेत. हाताचं कौशल्य! कायदा लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर वर्ग नसता, प्रॅक्टिकलचा गोठा नसता, तर हे शब्द त्यांनी लिहिलेच नसते. पासष्ट वर्षांपूर्वी त्यांना जे दिसलं ते आज तुमच्या जावक पत्रात दिसत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

यातून तयार झालेली विसंगती बघा. तुमचाच एखादा पीएच.डी.चा विद्यार्थी एखाद्या गाईवर प्रयोग करणार असेल आणि तिच्या मानेच्या शिरेतून काही दिवस रक्त घेणार असेल, तर त्याला परवानगीसाठी बी फॉर्म भरावा लागतो. किती जनावरं, का, किती रक्त, वेदना होईल का, शेवटी जनावराचं काय करणार, सगळं लिहावं लागतं. उंदीर-सशांचे प्रस्ताव संस्थेतच मंजूर होतात. गाय, कुत्रा, माकड अशा मोठ्या प्राण्यांचे प्रस्ताव केंद्रीय समितीकडे जातात. हे योग्यच आहे. पण त्याच गाईच्या त्याच शिरेत दुसऱ्या वर्षाची वीस मुलं सुई खुपसायला शिकली, दोघांची सुई आरपार गेली, तिसऱ्याने सहा वेळा टोचलं आणि संध्याकाळी तिच्या मानेवर लिंबाएवढी गाठ आली, तर त्याचा एकही कागद कुठे होत नाही. संशोधनातल्या गाईला निदान एक फाईल आहे. शिकवण्याच्या गाईची नोंद म्हणाल तर चाऱ्याच्या हिशोबात. माझी मूळ तक्रार एवढीच आहे. बाकीचं सगळं तिच्यातूनच निघतं.

मी प्रयोगांच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये. नोकरीच्या सुरुवातीला मी बुळकांडीच्या, म्हणजे गुरांच्या एका जीवघेण्या साथीच्या रोगाच्या, लसी टोचत गावोगाव हिंडलो आहे. मुक्तेश्वरच्या संस्थेत शेळ्यांच्या शरीरातून तो विषाणू पुन्हा पुन्हा नेऊन, सौम्य करून लस तयार झाली, पुढे आणखी चांगल्या लसी आल्या, आणि २०११ साली बुळकांडी जगातून नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. त्या शेळ्यांचं ऋण प्रत्येक गुराख्यावर आहे. दुसरी गोष्ट माझ्या जास्त जवळची आहे. सूज आणि तापासाठी मी स्वतः कित्येक वर्षं डायक्लोफेनॅक टोचत होतो, हजारो ढोरांना. स्वस्त, गुणकारी, मालक खूश. ते औषध अंगात असलेलं ढोर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मूत्रपिंड निकामी होऊन मरत होती. आपल्याकडच्या गिधाडांच्या तीन जाती नव्वद टक्क्यांहून जास्त घटल्या. २००६ साली त्या औषधावर जनावरांसाठी बंदी आली आणि त्याच्या जागी मेलॉक्सिकॅम आलं. ते गिधाडांना सुरक्षित आहे हे कसं कळलं? गिधाडांना देऊनच पाहिलं. थोड्या पक्ष्यांवर, जपून, जातीच्या जाती वाचवण्यासाठी. असा प्रयोग माझ्यापुढे आला असता तर मीही सही केली असती. प्रश्न विचारून केली असती.

प्रश्न विचारण्यावरून समितीतल्या दिवसांबद्दल थोडं सांगायला हवं. १९९८च्या नियमांप्रमाणे समितीत आठ जण असतात: संस्थेतले शास्त्रज्ञ, पशुवैद्य, प्राणिगृहाचे प्रमुख, आणि बाहेरचे आम्ही, म्हणजे केंद्रीय समितीचा प्रतिनिधी, एक बाहेरचा शास्त्रज्ञ आणि एक सामाजिक जाण असलेला बिगरशास्त्रज्ञ. कागदावर ही रचना उत्तम आहे. आमच्या पहिल्या बैठकीत एका दुपारी चौदा प्रस्ताव आले. फायली आदल्या दिवशी संध्याकाळी हातात पडल्या होत्या. चहा येईपर्यंत सहा मंजूर झाले. जनावरांची संख्या इतकीच का, या रकान्यात बहुतेकांनी लिहिलं होतं, आधीच्या प्रबंधात इतकीच होती. मी सह्या केल्या. पहिल्या दोन बैठकांत मी फक्त सह्याच केल्या, याची मला आजही लाज वाटते.

तिसऱ्या बैठकीत उंदरांच्या पाठीवर जखम करून मलम तपासण्याचा एक प्रस्ताव होता. वेदनाशामकाच्या रकान्यात "लागू नाही" असं लिहिलेलं. का लागू नाही, मी विचारलं. संशोधक मुलगी हुशार होती, प्रामाणिक होती. म्हणाली, सर, सूज कमी करणारं औषध दिलं तर जखम भरण्याचा निकालच बदलेल. बरोबर बोलत होती. मग सूज कमी न करता वेदना कमी करणारं काही देता येईल का? खोलीत अर्धा तास चर्चा झाली. तिथल्या पशुवैद्याने ट्रॅमाडॉल सुचवलं, मात्रा ठरली, सगळ्या गटांना सारखंच द्यायचं ठरलं, प्रयोगही बिघडला नाही. छत्तीस उंदीर होते. एका प्रश्नाने छत्तीस जिवांचे ते दिवस सुसह्य झाले. ती मुलगी नंतर मला जिन्यात भेटली आणि म्हणाली, रकाना भरताना मला वाटलंच नव्हतं की कुणी वाचेल.

समितीवरचे जे बिगरशास्त्रज्ञ सदस्य होते, ते तीन वर्षांत क्वचितच बोलले. माणूस अतिशय संवेदनशील. पण फायली इंग्रजीत, त्याही तांत्रिक इंग्रजीत. ते माझ्या कानाशी वाकून विचारायचे, याचा अर्थ काय हो. ज्याला सामान्य माणसाचा डोळा म्हणून बसवलं त्याच्याच डोळ्यांवर असा पडदा ओढला तर उपयोग काय? गुजराती, हिंदी, मराठी, जी भाषा त्या सदस्याची असेल त्या भाषेत एक पानाचा सारांश लिहिणं एवढं अवघड आहे का?

शिवाय तीन वर्षांत आम्हाला प्राणिगृह दाखवलं गेलं ते आधी कळवून. फरशी फिनाइलने धुतलेली, पिंजऱ्यात नवा भुसा. दोष मी संस्थेला देत नाही, आम्हीही न सांगता जाऊ शकलो असतो. गेलो नाही.

तुमच्या अडचणी मला माहीत आहेत. बॅच मोठ्या झाल्या, जागा रिकाम्या आहेत, एक शिक्षक तिघांचं काम करतो, जनावरं सांभाळायला पैसा नाही. आणि पशुवैद्याला जनावराला हात लावल्याशिवाय शिकता येत नाही, हेही खरंच आहे. प्राणिशास्त्राच्या वर्गांतलं बेडूक आणि झुरळांचं विच्छेदन २०१४ साली विद्यापीठ अनुदान आयोगाने थांबवलं. तिथे ते शक्य होतं, कारण तो विद्यार्थी पुढे बेडकांवर शस्त्रक्रिया करणार नव्हता. आपला विद्यार्थी जनावरांवर करणार आहे. म्हणूनच त्याचा हात कुठल्या जनावरावर, कितव्या पायरीला आणि कुणाच्या भल्यासाठी बसतो, हे जास्त काळजीने ठरवायला हवं.

मार्ग आहेत, आणि महागही नाहीत. ब्रिटनमध्ये सारा बेली यांनी यंत्राची गाय तयार केली. विद्यार्थी आत हात घालतो, त्याच्या बोटाला गर्भाशयाचा आकार जाणवतो आणि हात कुठे आहे हे शिक्षकाला पडद्यावर दिसतं. ते यंत्र घ्यायला पैसे नसतील तर कत्तलखान्यातून म्हशींची गर्भाशयं आणा. प्लास्टिकच्या पिंपाला भोक पाडा, आत गर्भाशय टांगा, पुढे रबरी पडदा लावा. डोळे मिटून गर्भाशयाची शिंगं ओळखता आली, अंडाशयावरचा पीतपिंड बोटाला लागला, की मगच खऱ्या गाईकडे पाठवा. शिरेत सुई घालायला रबरी नळी आणि रंगीत पाणी पुरतं. टाके घालायला डुकराची कातडी वापरतात, फोमही चालतो. परदेशांतल्या काही पशुवैद्यक महाविद्यालयांत लोक आपलं मेलेलं कुत्रं, मांजर शिक्षणासाठी दान करतात, मालकाच्या लेखी संमतीने. बडोद्यात असं आवाहन केलं तर दहा घरं तर मीच मिळवून देईन.

जिवंत जनावरांवरचा सराव हवा तर जिथे जनावराला त्याची गरज आहे तिथे मुलांना न्या. पांजरापोळांत जखमी, आजारी गुरं भरलेली आहेत आणि तिथे हात कमी पडतात. भटक्या कुत्र्यांच्या नसबंदीच्या केंद्रांवर अनुभवी सर्जनच्या शेजारी उभं राहून, पूर्ण भूल दिलेल्या कुत्र्यावर शिकता येतं. त्या कुत्र्याला शस्त्रक्रिया होणारच असते. आणि आपल्याकडची उत्तरायण, म्हणजे संक्रांतीची पतंगबाजी, तर तुम्हाला सांगायलाच नको. गुजरात सरकारचं करुणा अभियान २०१७पासून जानेवारीत चालतं, मांज्याने कापलेल्या पक्ष्यांसाठी. मी निवृत्त झाल्यापासून दरवर्षी एका शिबिरात बसतो. एका वर्षी १४ तारखेला संध्याकाळी एक घार आली, पंखाच्या सांध्यापर्यंत दोरा रुतलेला. माझ्याबरोबर चौथ्या वर्षाचा एक मुलगा होता. मी दोरा कापला, त्याने स्नायू जुळवला. बारीक टाके घालताना त्याचा हात थरथरत होता आणि तो त्या घारीला हळू आवाजात "हो हो, झालंच" म्हणत होता. रात्री अकरा वाजता तिसऱ्यांदा जाऊन त्याने तिचा श्वास बघितला. या मुलाला बेचाळीस नंबरच्या गाईची गरज नव्हती.

आता मागण्या. यांतली एकही दिल्लीहून आदेश येईपर्यंत थांबण्याजोगी नाही. सगळ्या तुमच्या सहीने होतात.

पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची: शिकवण्यासाठी वापरलं जाणारं प्रत्येक जनावर नीती समितीपुढे आणा. सत्र सुरू होण्याआधी प्रत्येक विभागाने सांगावं, कुठलं प्रॅक्टिकल, कुठली जनावरं, प्रतिकृतीवर का भागत नाही. आणि गोठ्यात, खोड्याच्या शेजारी, एक वही टांगा. तारीख, जनावराचा नंबर, काय केलं, किती विद्यार्थ्यांनी केलं, रक्त-सूज-काही दिसलं का, शिक्षकाची सही. पुढची विश्रांतीची तारीख.

दुसरी: मर्यादा ठरवा. माझ्या मते एका गाईला एका प्रॅक्टिकलमध्ये चारपेक्षा जास्त हात नकोत आणि नंतर किमान आठवडाभर तिला सुट्टी हवी. हा आकडा माझ्या अनुभवातला आहे. तुमच्या तज्ज्ञांना तीन योग्य वाटले तर तीन ठेवा. पण आकडा भिंतीवर लिहिलेला असू द्या. रक्त दिसलं की त्या गाईचं त्या दिवशीचं काम संपलं. यात चर्चा नाही.

तिसरी: बाहेरच्या सदस्यांनी वर्षातून निदान दोनदा न कळवता गोठ्यात यावं, प्रॅक्टिकल चालू असताना, आणि वही बघावी. यासाठी त्यांना वेगळी परवानगी मागावी लागू नये.

चौथी विद्यार्थ्यांसाठी आहे. एखाद्या मुलाने किंवा मुलीने "हिला आता पुरे" असं म्हटलं तर त्यांचे गुण कापले जाणार नाहीत, असं लेखी द्या. तक्रार थेट समितीच्या बाहेरच्या सदस्याकडे करता यावी. माझ्या पुतणीने त्या दिवशी काही म्हटलं नाही, कारण अंतर्गत गुण त्याच सरांच्या हातात होते. ती धीट आहे. तरी नाही बोलली.

पाचवी: काम संपलेल्या जनावरांचं काय होतं ते वर्षाअखेरीस सूचना फलकावर लावा. बाहेर जगभर प्रयोगांसाठी बदल (जनावराऐवजी दुसरा पर्याय), घट (कमी जनावरं) आणि सुधारणा (कमी त्रास) अशी तीन तत्त्वं सांगतात, आपल्याकडे त्यात पुनर्वसन हे चौथं जोडलं गेलं. ज्या गाईने पाच-सहा वर्षं मुलांना शिकवलं तिला लिलावाच्या यादीत घालताना अधिष्ठात्यांचा हात थबकायला हवा. पांजरापोळ आहेत, सांभाळणारे शेतकरी आहेत. असाध्य दुखणं असेल तर भूल देऊन शांतपणे संपवणं हीसुद्धा दया आहे, आपण ते जाणतो.

कायद्याच्या भीतीने तुम्ही हे करावं असं मी म्हणत नाही. भीती वाटावी एवढं त्यात काही नाही. केंद्रीय समितीचा आदेश मोडला तर कलम २०प्रमाणे दंड आहे दोनशे रुपयांपर्यंत, १९६० साली ठरलेला. सगळा भार तुमच्या आठ जणांच्या मनावर आहे.

माझ्याकडून जे होईल ते मी करायला तयार आहे. पिंपाच्या प्रतिकृतीचं माप आणि रबरी पडद्याचा प्रकार मी कागदावर काढून ठेवला आहे, कोणत्याही महाविद्यालयाने मागितला तर पाठवीन. बडोद्यापासून दोन-तीन तासांच्या अंतरावर कुठेही, मंगळवारी आणि शुक्रवारी, मानधन न घेता मुलांना गाभण तपासणी शिकवायला येईन. चार-चारच्या गटात. आधी पाठीवर पंजा ठेवायला शिकवीन.

नव्या सत्राची प्रॅक्टिकलं सुरू व्हायला अजून महिना-दीड महिना आहे. शंभर पानी वही चाळीस रुपयांना मिळते. पहिल्या पानावर कुठल्या गाईचा नंबर पडला तेवढं मला कळवा.

आपला,
एक निवृत्त पशुवैद्य
दांडिया बाजार, बडोदा